एकाच गळ्यातले चार आवाज : घरी ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण डोंबिवलीतल्या एका गायिकेचं आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. आवाजाचे, आकड्यांचे आणि निर्णयांचे तपशील मात्र जसे घडले तसेच आहेत. मी त्यांना ताई म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

ताईंची ख्यालाची तालीम वीस वर्षांची. घरीच शिकवण्या घेतात. आईला पंचाहत्तरी पूर्ण होणार होती आणि आजी जात्यावर म्हणायची त्या पाच ओव्या ध्वनिमुद्रित करून आईला ऐकवायच्या असं त्यांनी ठरवलं. चाल आजीकडून आईकडे आणि आईकडून ताईंकडे आलेली. जेमतेम पाच स्वरांत फिरते, भूप रागाच्या अंगाची आहे. पण तिला भूप म्हटलं की ताई अडवतात. त्या चालीत रागाची बढत, म्हणजे टप्प्याटप्प्यानं केलेला विस्तार, नाही, दळणाऱ्या हाताचा झोका आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे.

जातं ओढायला बहुधा दोघी समोरासमोर बसत. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं झेलायची. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या कित्येक आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या संग्रहात ऐकता येतात. ताईंनी त्या रात्र रात्र ऐकल्या होत्या. त्यामुळे एकट्या आवाजातली ओवी त्यांना अर्धी वाटायची. तीन-चार आवाज हवेत आणि ते सगळे स्वतःचेच हवेत, हा त्यांचा हट्ट होता. कारण विचारलं तर म्हणाल्या, “दादा, आमच्याकडे आजीचा, आईचा आणि माझा आवाज एकच आहे. फोनवर कोण बोलतंय ते आमच्या घरच्यांनाही कळत नाही.”

सामान साधंच होतं : लॅपटॉप, थेट यूएसबीला लागणारा कंडेन्सर माइक, तारेचे बंद कपांचे हेडफोन, फोनवरचा तानपुरा. दहा बाय अकराची झोपायची खोली, खिडकी रेल्वे लाइनच्या बाजूला.

अडचण

मिश्रणासाठी, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, माझ्याकडे आले तेव्हा सात ट्रॅक, म्हणजे सात वेगळी मुद्रणं, तयार होते. मुख्य आवाज एकदा, आणि वरचा, मधला, खालचा असे साथीचे तीन आवाज प्रत्येकी दोनदा गायलेले. एकेक ट्रॅक वेगळा ऐकला तर कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती. इतकं स्वच्छ गाणं घरच्या मुद्रणात मी फार थोड्या वेळा ऐकलंय. सातही एकत्र लावले की मात्र सगळं चिखल. शब्द विरघळलेले, स्वर थरथरणारा, आणि मागे सतत एक घुमारा.

ताईंचा स्वतःच्या गळ्यावरचा विश्वास उडायला लागला होता, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. तीन आठवडे त्या रोज रात्री शेवटची लोकल गेल्यावर गात होत्या आणि रोज सकाळी ते ऐकून पुसून टाकत होत्या. “वीस वर्षं शिकून मला स्वतःबरोबरसुद्धा सुरात गाता येत नाही,” असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं, गळ्याचं नंतर बघू. आधी गाताना तुमच्या कानात नक्की काय वाजत होतं, ते सांगा.

त्या प्रश्नातून एकेक गोष्ट उलगडत गेली.

पहिली गोष्ट वेळेची. हेडफोन लॅपटॉपच्या भोकात होते आणि माइक यूएसबीवर. म्हणजे आवाज आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दोन वेगळी यंत्रं. अशा वेळी आवाज आत-बाहेर होताना जो उशीर होतो त्याचा सॉफ्टवेअरला नेमका अंदाज लागत नाही. हे मोजायला सोपी युक्ती आहे. हेडफोनचा कप माइकच्या तोंडाशी धरायचा, ट्रॅकवर एक ‘टक’ वाजवायचं आणि तेच ‘टक’ नव्या ट्रॅकवर मुद्रित करायचं. दोन्हींमध्ये अंतर पडता कामा नये. ताईंकडे ते ३१ मिलिसेकंद निघालं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा ३१ मिलिसेकंद म्हणजे साडेदहा मीटर लांब उभं राहून साथ करणारी बाई. तेवढं एक वेळ चालून गेलं असतं. पण ताई प्रत्येक नवा आवाज गाताना मुख्य आवाज बारीक करून शेवटी गायलेला ट्रॅकच मोठा ठेवायच्या, कारण तो कानात ताजा असायचा. त्यामुळे वरचा आवाज ३१ नं मागे, मधला ६२ नं, खालचा ९३ नं. चौथी बाई थेट समोरच्या इमारतीत जाऊन बसली होती.

दुसरी गोष्ट स्वराची. साथीच्या ओळी त्यांनी पेटीवर बसवल्या होत्या, आणि गाताना पेटी एका कानात, तानपुरा दुसऱ्या कानात. ताईंचा षड्ज (सा) काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, सुमारे २०७.६ हर्ट्झ. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार (ग) त्याच्या सव्वापट, म्हणजे २५९.६ च्या आसपास पडतो. समान अंतरांच्या पट्ट्यांच्या पेटीवर तोच गंधार २६१.६ ला असतो. दोन हर्ट्झचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण प्रत्येक स्वरात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे उपस्वरही वाजत असतात. षड्जाचा पाचवा उपस्वर आणि पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर एकमेकांवर आपटतात तेव्हा सेकंदाला आठ हेलकावे येतात. ताईंचा एक ट्रॅक तानपुऱ्याकडे झुकलेला, दुसरा पेटीकडे. ऐकू येणारा थरथराट होता तो हाच. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. त्या वादात आणखी बरंच काही होतं, पण त्यातला स्वरांचा मुद्दा खरा होता, हे ताईंचे दोन ट्रॅक शेजारी लावून कुणालाही ऐकवता येईल.

तिसरी गोष्ट खोलीची. एका ट्रॅकवरचा फ्रिजचा आणि रस्त्याचा गुणगुणाट कानाला जाणवत नव्हता. तसाच आवाज सात ट्रॅकांवर असेल तर बेरीज होऊन तो साधारण साडेआठ डेसिबलनं वर येतो. खोलीच्या भिंतींचा घुमाराही सात वेळा एकावर एक बसतो. एका गाण्याला चालून जाणारी खोली सात आवाजांना पुरत नाही.

पर्याय

स्टुडिओत जाणं हा पहिला पर्याय. खर्चाचं जमलं असतं, पण घड्याळ लावून ताईंना ओवी सुचत नाही. त्यांनी तो लगेच बाजूला ठेवला.

तीन शिष्यांना बोलवावं असं मी सुचवलं. वेगवेगळे गळे असले की मिश्रण सोपं जातं, कारण प्रत्येक आवाजाचा पोत वेगळा. एकच गळा चार वेळा आला तर त्याच्या ठरावीक जागा चौपट ठळक होतात. ताईंनी ऐकून घेतलं आणि ‘नको’ म्हणाल्या. हा कार्यक्रम नव्हता, आईला द्यायची भेट होती.

मुख्य आवाजावरून बाकीचे स्वर सॉफ्टवेअरकडून तयार करून घेणं हाही मार्ग होता. आम्ही एका ओळीवर करून पाहिला. स्वर जागच्या जागी, पण एका ओळीतली हरकत, म्हणजे गळ्यातली छोटी नक्षी, चारही आवाजांत तंतोतंत एकाच क्षणी आली. समोरासमोर बसलेल्या दोघी असं कधी गात नाहीत. शिवाय आपोआप सूर दुरुस्त करणारं साधन नेहमीच्या मांडणीत पट्टीच्या बारा स्वरांकडेच ओढतं. ताईंचा गंधार त्यानं वर ढकलला. ताईंनी हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाल्या, “हे माझं नाही.”

राहिला मूळ बेत, सगळं स्वतः आणि घरीच. पण आता क्रम बदलून.

इथे खरा मोठा निर्णय होता साथीच्या ओळी कोणत्या हा, आणि त्यावर आमचे दोन दिवस गेले. मी पाश्चात्त्य पद्धतीनं वरची तिसरी धरायला सांगितली होती : सा वर ग, रे वर म, ग वर प, प वर नि. गोड वाटतं, कानाला ओळखीचं आहे. पण चालीत म आणि नि नाहीतच. ताईंनी दोन ओळी गाऊन पाहिल्या आणि मध्येच थांबल्या. आजीची चाल ऐकताना परक्याच्या अंगणात उभं राहिल्यासारखं वाटतंय, म्हणाल्या. त्यांनी दुसरी रीत काढली. चालीच्या पाच स्वरांतलाच एक स्वर सोडून पुढचा घ्यायचा : सा वर ग, रे वर प, ग वर ध, प वर तार सा. मला ते कोरडं वाटेल अशी भीती होती, कारण सा–ग सोडलं तर बाकी सगळीकडे चौथीचंच, म्हणजे सा ते म इतकंच, अंतर येतं. गाऊन झाल्यावर मला माझं मत बदलावं लागलं. ते मोकळं वाटत होतं, उघड्या ओसरीवर बसल्यासारखं. आणि एक फायदा माझ्या आधी लक्षात आला नव्हता. शुद्ध चौथी आणि पेटीची चौथी यांत जेमतेम दोन सेंटचा फरक असतो (पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांत शंभर सेंट). म्हणजे सुराची कसोटी लागणारी जागा प्रत्येक ओळीत एकच उरली, सा वरचा गंधार.

एकच, असं आम्हाला वाटलं होतं. ओळीच्या शेंड्यावर चाल धैवतावर (ध) जाते, आणि त्यावर नियमाप्रमाणे तार रे येत होता. तिथे ताईंना काहीतरी खुपत होतं. गंधारावर वरचा आवाज म्हणून जुळणारा धैवत जरा उतरा असतो. रे बरोबर जुळायला तोच धैवत सुमारे २२ सेंट चढा लागतो. एकाच ओळीत धैवताला दोन जागा हव्या होत्या. ताईंनी गणित केलं नाही. चार वेळा गायल्या, डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, इथे रे नकोच, सा घेते. धैवतावर तार षड्ज आला आणि ओळ बसली. नियम तिथे मोडला, आणि ते योग्यच झालं.

काय केलं

हेडफोन माइकच्याच भोकात लावले. ‘टक’ पुन्हा मोजलं, १२ मिलिसेकंद निघालं, तेवढी भरपाई सॉफ्टवेअरमध्ये घातली आणि परत मोजून शून्य झाल्याची खात्री केली. या सगळ्याला वीस मिनिटं लागली. त्याआधी तीन आठवडे गेले होते, याची मला अजून हळहळ वाटते.

पेटी बंद. सगळे आवाज फक्त तानपुऱ्यावर. आणि कानात काय ठेवायचं याचा एकच नियम : तानपुरा मोठा, मुख्य आवाज मध्यम, बाकी काहीही नाही. दुसरी साथ गाताना पहिली साथ ऐकायची नाही. ताईंना हे सुरुवातीला फार अवघड गेलं, एकटं पडल्यासारखं वाटायचं. पण प्रत्येक आवाज थेट षड्जाशी जुळला की ते आपसात आपोआप जुळतात. एकाचा दोष दुसऱ्याच्या अंगाला लागत नाही.

हेडफोनचा एक कप कानावर, दुसरा कानामागे डोक्याला घट्ट दाबलेला. दोन्ही कान झाकले की ताईंना स्वतःचा आवाज डोक्याच्या आतून जाड ऐकू यायचा आणि स्वर उतरायचा. एक कान मोकळा केल्यावर तो प्रश्न संपला. दुसरा कप नुसता लोंबता ठेवला तर तानपुरा माइकमध्ये झिरपतो, म्हणून तो दाबून ठेवायचा.

खोलीसाठी काही विकत आणलं नाही. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे गायिकेच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाजही त्याला ऐकू येतो. लोक माइकच्या मागे फोम लावतात आणि स्वतःच्या पाठीमागची भिंत उघडी ठेवतात. आम्ही माइकची पाठ खिडकीकडे केली आणि ताईंच्या मागे कपड्यांच्या दोरीवर दोन गोधड्या टाकल्या, भिंतीपासून हातभर पुढे. त्यातली एक आजीच्याच जुन्या लुगड्यांची, आईनं शिवलेली. फ्रिजचं बटण बंद केलं आणि विसरायला नको म्हणून घराची किल्ली फ्रिजवर ठेवली.

मुख्य आवाज पुन्हा गायला तेव्हा क्लिक, म्हणजे कानात लयीचे ठोके, लावायचं नाही असं ठरलं. जात्याच्या झोक्याला ठोके नसतात. पण क्लिक नसेल तर साथीच्या आवाजानं पुढची ओळ नेमकी कधी उचलायची? त्याचं उत्तर मुख्य ट्रॅकवरच होतं, ओळीआधीच्या श्वासात. ताई स्वच्छतेच्या नादात ते श्वास कापून टाकत होत्या. ते परत आणले. श्वास ऐकू आला की छाती आपोआप भरते आणि ओळ बरोबर पडते. साथीच्या ट्रॅकांवरचे श्वास मात्र शेवटी काढले.

साथीत शब्दांची धार बोथट केली. ‘स’, ‘च’, ‘त’ चार ट्रॅकांवर पुढेमागे पडले की पत्र्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखे वाजतात. म्हणून व्यंजनं मुख्य आवाजानं म्हणायची. साथीनं ‘दळण’ म्हणताना ‘ण’ फक्त सुचवायचा आणि ओळीच्या शेवटचं अक्षर स्वरावरच सोडून द्यायचं. हरकती आणि मुरक्याही फक्त मुख्य आवाजाला. साथीला सरळ, उभा स्वर. ख्याल शिकलेल्या गळ्याला सरळ स्वर लावून नुसतं उभं राहायला सांगणं सोपं नाही. पहिल्या दोन रात्री फक्त त्याचाच रियाज झाला.

खालचा आवाज सगळ्यात जास्त अडला. तो मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत, १५६ हर्ट्झच्या आसपास उतरत होता, आणि रात्री दीड वाजता, दिवसभर शिकवून झाल्यावर तिथे नुसती हवा येत होती. ताईंना त्यांच्या गुरूंचा खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, रियाज आठवला. पहाटे उठल्या उठल्या गळा जड असतो, खालचे स्वर आपसूक लागतात. मग तो ट्रॅक पहाटे चारला, चहाच्या आधी, कुणाशी एक शब्दही न बोलता गायचा असं ठरलं. माइकपासून एरवी वीतभर अंतर असायचं, इथे चार बोटांवर आल्या, कारण अशा माइकच्या जवळ गेलं की खालच्या आवाजाला भर येते. तिसऱ्या पहाटे तो जमला. त्याच्या शेवटच्या ओळीत लांबून मालगाडीचा हॉर्न आहे. ती ओळ चौथ्या पहाटे पुन्हा गायली.

निष्पत्ती

मिश्रणाला बसलो तेव्हा मधला आवाज काढून टाकला. सुरात होता, पण काही सांगत नव्हता. उरले चार ट्रॅक : मुख्य आवाज मध्यभागी, वरचा आवाज दोनदा गायलेला, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि खालचा पुन्हा मध्यभागी. साथीच्या ट्रॅकांवर १५० हर्ट्झखालचं थोडं कापलं, खालच्या आवाजावर फक्त ८० खालचं. सूर दुरुस्ती शून्य. पहिल्या दोन ओव्या मुख्य आवाज एकटाच म्हणतो. तिसरीला खालचा आवाज ओळ झेलतो. वरचे दोन येतात ते थेट शेवटच्या ओवीत. हा क्रम पूर्णपणे ताईंचा, आणि सगळ्या तांत्रिक खटपटीपेक्षा त्याचं मोल मला जास्त वाटतं.

आईंना ते वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, स्वयंपाकघरात ऐकवलं. पहिल्या दोन ओव्यांना त्या मेथी निवडत होत्या. तिसऱ्या ओवीत खालचा आवाज आला तसा त्यांचा हात थांबला. “ही दुसरी कोण?” असं विचारलं. ताईंनी “मीच” म्हटलं. आई “नाही” म्हणाल्या, पुन्हा लावायला सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी त्या आवाजाबरोबर स्वतः म्हणू लागल्या, दोन ओळी मागेपुढे, शब्द थोडे वेगळे. ते वेगळे शब्द ताईंनी आधी कधी ऐकलेच नव्हते.

वेगळं काय करता आलं असतं

उशिराचं मोजमाप पहिल्याच दिवशी, गाण्याआधी व्हायला हवं होतं. माझा सल्ला आता हाच असतो, की पहिला स्वर लावण्याआधी ‘टक’ मोजा, आणि केबल किंवा भोक बदललं की पुन्हा मोजा.

साथीच्या ओळी पेटीवर बसवण्याऐवजी थेट तानपुऱ्यावर बसवल्या असत्या तर धैवताची अडचण दोन दिवस आधीच सापडली असती. बोटानं पट्टी दाबली की स्वर मिळाला असं वाटतं आणि कान ढिला पडतो.

प्रत्येक आवाज दोनदा गायचा, हे ताईंनी कुठेतरी वाचून सुरुवातीलाच ठरवलं होतं. आधी एकेकदा गाऊन ऐकायला हवं होतं. दुप्पट केल्यानं आवाज रुंद होतो, पण खोलीही दुप्पट होते. आमच्या प्रकरणात फक्त वरच्या आवाजाला त्याची गरज होती.

शिष्यांचा पर्याय मी आजही अगदीच टाकून देणार नाही. ताईंच्या हट्टामुळे जे झालं ते सुंदरच झालं. पण चार आवाज एकाच घराण्याचे, एकाच वयाचे आहेत, हे बारकाईनं ऐकणाऱ्याला कळतं.

आणि आई. त्यांना आधी बसवून, त्यांच्याकडून ओव्या नीट ऐकून घ्यायला हव्या होत्या. गुपित ठेवायचं म्हणून ताईंनी ते टाळलं, आणि ते शब्द निसटले. आता आईचा आवाज मुद्रित करायचा आहे. पंचाहत्तरीत त्यांचा षड्ज काळी एकवर आला आहे, ताईंच्या षड्जापासून बराच दूर. सॉफ्टवेअरनं जुने ट्रॅक तिथे सरकवता येतील, पण आवाजाचा पोत बिघडेल. म्हणून ताईंनी चारही आवाज आईच्या पट्टीत नव्यानं बसवायला घेतले आहेत. वरची ओळ जमली आहे. खर्जाची जमणार नाही हे दिसतंय, तेव्हा ती जागा मोकळी ठेवून तिथे नुसता तानपुरा ठेवावा का, यावर आमचं बोलणं चालू आहे.